वाळवंटी गावातील चार दिवस: चालणे आणि विश्रांती यांची आखणी

एखाद्या वाळवंटी गावी तीन रात्री मुक्काम करायचा, सकाळी खडकांच्या घळींतून किंवा वाळूच्या टेकड्यांवरून चालायचे आणि उरलेला दिवस निवांत घालवायचा, ही सुट्टीची कल्पना साधी आहे. तिची आखणी मात्र डोंगरातल्या किंवा समुद्रकाठच्या सुट्टीच्या सवयीने केली तर फसते, कारण वाळवंटात दिवसाचे वेळापत्रक उन्हाच्या हाती असते. चालण्यासाठी खरोखर उपयोगाचे तास म्हणजे पहाटेपासून साधारण दहापर्यंतचे आणि सूर्यास्तापूर्वीचे दीड-दोन. मधले सहा-सात तास सावलीत काढावे लागतात. हे तास वाया चालले असे समजून जो त्यांत आणखी एक ठिकाण, आणखी एक वाट कोंबतो, तो दुसऱ्या दिवशी थकून बसतो. म्हणून विश्रांती आधी वहीत लिहावी आणि चालणे तिच्या दोन्ही बाजूंना बसवावे, असे माझे ठाम मत आहे. महिना निवडण्यापासून खोलीची खिडकी कोणत्या दिशेला असावी इथपर्यंतचे निर्णय त्यामुळे सोपे होतात.

आधी महिना, मग गाव

बहुतेक जण आधी गाव निवडतात आणि मग सुट्टी कधी मिळेल ते पाहतात. वाळवंटाच्या बाबतीत हा क्रम उलटा ठेवावा. थरच्या वाळवंटात, जैसलमेरच्या परिसरात चालायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. मे-जूनमध्ये तिथे पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो आणि धुळीची वादळे उठतात. जॉर्डनमधील वादी रमसाठी मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर, तर अमेरिकेतील मोहावी आणि सोनोरन वाळवंटांसाठी ऑक्टोबरअखेर ते एप्रिलची सुरुवात हे दिवस सुखाचे असतात. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्यामुळे ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ससाठी मे ते सप्टेंबर निवडावा लागतो, आणि त्या दिवसांत तिथे रात्री पारा शून्याखालीही उतरतो. लडाखसारख्या शीत वाळवंटात सगळेच गणित बदलते. तिथे जून ते सप्टेंबर हाच चालण्याचा हंगाम आणि अडचण उन्हापेक्षा उंचीची असते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहला विमानाने थेट पोहोचल्यावर पहिले दोन दिवस शरीराला विरळ हवेची सवय होण्यासाठी पूर्ण विश्रांतीत घालवावे लागतात, त्यामुळे तीन रात्रींची सहल तिथे आखूच नये. चिलीतील सान पेद्रो दे अताकामा हे गाव सुमारे २,४०० मीटरवर आहे आणि तिथून पहाटे पाहायला जाण्याचे एल तातिओ हे गरम पाण्याच्या कारंज्यांचे क्षेत्र सुमारे ४,३०० मीटरवर. म्हणून ते शेवटच्या दिवसासाठी राखावे आणि पहिल्या दिवशी गावाच्या उंचीवरच राहावे.

महिना ठरवताना सरासरी कमाल तापमानाबरोबर किमान तापमानही पाहावे. कोरड्या हवेत आणि निरभ्र आकाशाखाली जमीन दिवसा झपाट्याने तापते आणि रात्री तितक्याच झपाट्याने उष्णता सोडते, त्यामुळे दुपार आणि पहाट यांच्यात १५ ते २० अंशांचा फरक पडणे ही वाळवंटातली रोजची गोष्ट आहे. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की कमाल तापमान ३० अंशांच्या आत असेल तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा चालता येते. ३० ते ३५ असेल तर फक्त पहाटे. आणि ३८च्या पुढे अंदाज असेल तर चालण्याचा बेत सोडून केवळ विश्रांतीची सहल करावी किंवा तारखा बदलाव्यात. तारखा बदलता येत नसतील तर जवळ उंच डोंगर असलेले गाव निवडण्याचा मार्ग उरतो. उंचीबरोबर हवेचे तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी कमी होते आणि कोरड्या हवेत घट त्याहून जास्त असते. कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्स हे याचे उत्तम उदाहरण. तिथे १९६३ साली सुरू झालेला रोपवे सुमारे ८०५ मीटरवरच्या पायथ्यापासून सुमारे २,५९६ मीटरवरच्या पाइनच्या जंगलात दहा-बारा मिनिटांत नेतो आणि वरची हवा गावातल्यापेक्षा १५ अंशांहूनही अधिक थंड असू शकते.

तारखांच्या बाबतीत चंद्राचाही विचार करावा. तारे पाहण्याची हौस असेल तर अमावास्येच्या आसपासचे दिवस घ्यावेत. चांदण्यात वाळूच्या टेकड्यांवर फिरायचे असेल तर पौर्णिमेचे. दोन्ही एका सहलीत साधत नाही, तेव्हा एकाची निवड आधीच करावी.

मुक्काम कुठे करावा

गाव आणि चालण्याच्या वाटेचे तोंड यांत गाडीने अर्ध्या तासापेक्षा जास्त अंतर नसावे. सूर्योदयाला चालायला सुरुवात करायची तर दीड तासाच्या प्रवासासाठी रात्री साडेतीनला उठावे लागते, आणि अशी एक रात्र संपूर्ण सहलीची झोप बिघडवते. नकाशावर हे अंतर तपासल्यावरच खोली पाहावी.

दुपारचे सहा तास खोलीत किंवा तिच्या आसपास जाणार असल्यामुळे या सहलीत खोलीला नेहमीपेक्षा जास्त महत्त्व आहे. पश्चिमेकडे मोठ्या खिडक्या असलेली खोली दुपारनंतर तापते आणि ती उष्णता रात्री उशिरापर्यंत टिकते, त्यामुळे उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे तोंड असलेली खोली मागावी. दक्षिण गोलार्धात उत्तरेऐवजी दक्षिण. जाड मातीच्या किंवा दगडी भिंती दिवसाचे ऊन हळूहळू शोषतात, म्हणून अशा जुन्या धाटणीच्या इमारतीतला मुक्काम दुपारी गार राहतो. तिथे दिवसा खिडक्या आणि पडदे बंद ठेवून रात्री उघडण्याची सवय लावून घ्यावी. सावलीचे अंगण किंवा पोहण्याचा हौद असेल तर उत्तमच. जवळचे रुग्णालय किती लांब आहे हेही याच वेळी पाहून ठेवावे.

वाट निवडताना

चार दिवसांत एकच मोठी वाट असावी, बाकीच्या दोन-तीन लहान. यामागे ठोस कारण आहे. उष्ण हवेत काम करण्याची शरीराला सवय होण्यास, म्हणजे घाम लवकर सुटू लागणे, त्यातून मीठ कमी जाणे, हृदयावरचा ताण घटणे, या सगळ्यासाठी साधारण एक ते दोन आठवडे लागतात. चार दिवसांच्या सहलीत ही सवय कधीच पूर्ण होत नाही, त्यामुळे थंड प्रदेशात दिवसाला १५ किलोमीटर सहज चालणाऱ्याने इथे ८ ते १० किलोमीटरांवर समाधान मानावे.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम अजूनही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तो पक्क्या वाटेवरच्या धडधाकट माणसासाठी आहे, म्हणून वाळवंटात त्यात किमान निम्मा वेळ वाढवून धरावा. मऊ वाळूवर तर हा हिशेब लागूच पडत नाही, कारण प्रत्येक पावलाला पाय मागे सरकतो आणि कठीण जमिनीच्या तुलनेत चालण्याला दुपटीहून अधिक शक्ती लागते. वाळूच्या टेकडीवर चढताना वाऱ्याकडची बाजू धरावी. ती कमी उताराची आणि वाऱ्याने दाबलेली, घट्ट असते. आडोशाकडच्या बाजूला वाळू सुमारे ३० ते ३४ अंशांच्या उतारावर सुटी उभी असते. ती उतरायला आनंदाची, चढायला मात्र शिक्षा. टेकडीच्या कण्यावरून, म्हणजे दोन्ही बाजू मिळतात त्या धारेवरून चालत गेल्यास कष्ट सर्वांत कमी पडतात. आपली पावले वारा काही मिनिटांत पुसून टाकतो, म्हणून परतीसाठी स्वतःच्या ठशांवर कधीही विसंबू नये आणि निघताना दूरची एखादी ठळक खूण मागे वळून नीट पाहून ठेवावी.

वाटेचा आकार तिच्या लांबीइतकाच महत्त्वाचा आहे. आधी चढ आणि नंतर उतार अशी वाट घेतली तर कष्टाचा भाग गारव्यात पार पडतो. घळीत किंवा दरीत उतरण्याच्या वाटेवर याच्या नेमके उलट होते: सकाळी ताज्या पायांनी भराभर खाली जाता येते आणि चढ ऐन उन्हात उरतो. अशा वाटेवर परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवावी, आणि चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागेल असे धरून चालावे. सावलीचाही अभ्यास करावा. सकाळी सूर्य पूर्वेला असताना पश्चिमेकडे तोंड असलेले उतार बराच वेळ सावलीत राहतात आणि संध्याकाळी पूर्वेकडचे. एवढे एक ध्यानात ठेवून वाट निवडली तरी उन्हातला एक संपूर्ण तास वाचतो.

त्या त्या उद्यानाचे नियम निघण्यापूर्वी अधिकृत ठिकाणी वाचावेत, कारण उष्णतेमुळे वाटा बंद करण्याची पद्धत आता अनेक ठिकाणी आहे. ऑस्ट्रेलियातील कटा ट्जुटा येथील व्हॅली ऑफ द विंड्स या वाटेचा पुढचा भाग, तापमानाचा अंदाज ३६ अंश किंवा त्याहून जास्त असेल त्या दिवशी सकाळी ११ वाजता बंद करतात. ॲरिझोनातील फिनिक्स शहराने २०२१पासून अतिउष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी कॅमलबॅक डोंगरावरील वाटा दिवसाच्या सर्वांत तापत्या तासांत बंद ठेवायला सुरुवात केली. काही बंदी उष्णतेशी संबंधित नसते, पण तितकीच पाळण्यासारखी असते. ऑस्ट्रेलियातीलच उलुरू या प्रचंड खडकावर चढणे तिथल्या अनांगू या मूळ रहिवाशांच्या श्रद्धेचा मान राखून २६ ऑक्टोबर २०१९पासून कायमचे थांबवण्यात आले आहे, आणि खडकाला वळसा घालणारी सुमारे साडेदहा किलोमीटरची सपाट वाट त्या चढाईपेक्षा कितीतरी अधिक दाखवते.

ज्यांना वाळवंटात पाण्याने माणसे दगावतात हे ठाऊक नसते, त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील लोअर अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत अकरा पर्यटक अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेले. पाऊस घळीवर नव्हे, कित्येक किलोमीटर दूर वरच्या अंगाला पडला होता. कोरडी, टणक जमीन पाणी मुरू देत नाही आणि सगळे पाणी घळींतून धावते. म्हणून अरुंद घळीत किंवा कोरड्या नदीपात्रात शिरण्यापूर्वी केवळ डोक्यावरचे आकाश पाहू नये, तर संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा अंदाज पाहावा, आणि दूर कुठेही वादळी पावसाची शक्यता असेल तर त्या दिवशी दुसरी वाट घ्यावी. सोनोरन वाळवंटात जुलै ते सप्टेंबर या काळात दुपारनंतर अशी वादळे वारंवार येतात.

वाट सोडून चालू नये, ही सूचना वाळवंटात शिष्टाचारापुरती नाही. युटा राज्यातील मोआब गावाच्या परिसरात आणि इतर अनेक वाळवंटांत जमिनीवर काळसर, खडबडीत, जिवंत पापुद्रा असतो. सायनोबॅक्टेरिया हे सूक्ष्म जीवाणू, शेवाळे आणि दगडफूल यांनी बनलेला हा थर माती धरून ठेवतो, आणि एका पावलाने मोडलेला भाग भरून यायला कित्येक वर्षे, काही ठिकाणी दशके लागतात. वाट सुटलीच तर खडकावरून किंवा कोरड्या ओहोळाच्या वाळूतून चालावे.

पाणी, मीठ आणि उन्हाची लक्षणे

वाळवंटात घाम दिसत नाही. कोरडी हवा तो सुटताक्षणीच टिपून घेते, त्यामुळे अंग कोरडे आहे म्हणजे पाणी जात नाही असा समज होतो आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. सदऱ्यावर उमटणाऱ्या मिठाच्या पांढऱ्या रेषा आणि गडद होत जाणारी लघवी ही खरी मोजमापे आहेत. उन्हात चढताना तासाला एक लिटर किंवा त्याहून जास्त घाम सहज जातो. जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात माणशी दिवसाला किमान सुमारे ४ लिटर पाणी बरोबर ठेवायला सांगतात आणि श्रमाच्या दिवशी त्याच्या दुप्पट. प्रत्यक्ष आखणीसाठी चालण्याच्या प्रत्येक तासाला पाऊण ते एक लिटर धरावे, वर एक लिटर राखीव ठेवावे आणि सगळ्याचे तीन वाटे करावेत: एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक अडचणीसाठी. पहिला वाटा संपला की वाटेचे टोक दिसत असले तरी मागे फिरावे. नकाशावर दाखवलेल्या झऱ्याला पाणी असेलच असे कधीही गृहीत धरू नये. सगळे पाणी एकाच नळीच्या पिशवीत भरू नये, कारण एक काटा तिला पुरेसा होतो. निदान एक भक्कम बाटली वेगळी असावी.

नुसते पाणी भरपूर पिणेही धोक्याचे आहे. कित्येक तास घाम गाळून मीठ न घेता पाणीच पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते. डोके दुखणे, मळमळणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, आणि तेव्हा आणखी पाणी पाजले तर प्रकृती बिघडते. म्हणून तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पिऊ नये, दर अर्ध्या-पाऊण तासाने काहीतरी खारट खावे आणि लांब वाटेवर ओआरएसची पाकिटे ठेवावीत. ती पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावीत. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी किंवा ॲलर्जीवरची औषधे घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, कारण यांपैकी काही औषधांनी घाम कमी होतो किंवा पाणी लवकर उतरते.

थकवा, चक्कर, गोळे येणे, मळमळ, घामाने थंड पडलेली त्वचा ही उन्हाने थकल्याची चिन्हे होत. अशा वेळी चालणे तिथेच थांबवून सावलीत आडवे व्हावे, कपडे सैल करावेत, घोट घोट पाणी आणि मीठ घ्यावे, आणि बरे वाटल्यावरही पुढे न जाता परत फिरावे. बोलण्यात असंबद्धता, चालताना तोल जाणे, विचित्र वागणे, शुद्ध हरपणे यांपैकी काही दिसले तर तो उष्माघात समजावा. शरीराचे आतले तापमान तेव्हा ४० अंश किंवा त्याच्या वर गेलेले असते, आणि घाम थांबलेला असेलच असे नाही. मदत बोलवत असतानाच थंड करणे सुरू करावे. माणसाला सावलीत न्यावे, अंगभर पाणी ओतावे आणि टोपीने, कपड्याने, जे हाताशी असेल त्याने सतत वारा घालावा. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि त्याबरोबर उष्णता नेते, त्यामुळे हा साधा उपाय वाळवंटात फार परिणामकारक ठरतो. या प्रसंगी पिण्याचे पाणी संपेल म्हणून हात आखडू नये. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालू नये.

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर अंग उघडे टाकण्यापेक्षा झाकलेले बरे. सैल, फिकट रंगाचा, लांब बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी, गॉगल आणि मानेवर ओले करता येईल असे फडके एवढ्याने बरेच काम होते. उघड्या भागावर एसपीएफ ३० किंवा त्यावरचे सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावे. वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के वर परतवते, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या बाजूलाही ते लागले पाहिजे. दिवसातला सर्वांत थंड क्षण सूर्योदयाच्या आसपास असतो, तेव्हा निघताना गरम जाकीट लागते आणि तासाभरात ते पिशवीत ठेवावे लागते. बूट पायाला सरावलेले असावेत, आणि वाळू आत जाऊ नये म्हणून घोट्यावर गेटर, म्हणजे बुटाचे तोंड झाकणारी कापडी पट्टी, बांधावेत. बूट बाहेर ठेवले असतील तर घालण्यापूर्वी उलटे करून झटकावेत, जिथे नजर पोहोचत नाही अशा खडकाच्या फटीत हात घालू नये. निवडुंगांच्या प्रदेशात एक साधा कंगवा जवळ ठेवावा. चोया जातीच्या निवडुंगाचा गोळा अंगाला चिकटल्यास हाताने ओढू नये, कंगवा त्याखाली सरकवून झटक्यात उडवावा आणि राहिलेले काटे चिमट्याने काढावेत.

गाडी आणि संपर्क

पूर्ण भरलेली टाकी, हवा तपासलेले जादा चाक आणि गाडीत ठेवलेले किमान दहा लिटर वेगळे पाणी यांशिवाय गावाबाहेर पडू नये. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा, कारण बहुतेक वाटांवर संपर्क नसतो, आणि कागदी नकाशाही ठेवावा, कारण उन्हात तापलेला फोन स्वतःहून बंद पडतो. कोणत्या वाटेवर जात आहोत, गाडी कुठे लावली आहे आणि किती वाजेपर्यंत परत आलो नाही तर मदत बोलवायची, हे तीन तपशील गावातल्या कोणाला तरी लिहून द्यावेत. आडवाटेला गाडी बंद पडल्यास ती सोडून चालत निघू नये. गाडी सावली देते, तिच्यात पाणी असते आणि शोधणाऱ्यांना ती एकट्या माणसापेक्षा खूप आधी दिसते.

विश्रांतीची आखणी

दहाच्या सुमारास परतल्यावर लगेच आडवे होण्याचा मोह होतो. त्याआधी अर्धा तास सावलीत बसून पाणी आणि मीठ भरून काढावे, कोमट पाण्याने अंघोळ करावी, पायांची तपासणी करून फोड येऊ पाहणाऱ्या जागी पट्टी लावावी आणि मग हलके जेवून झोपावे. पहाटे उठलेल्या शरीराला दुपारी तासभर झोप पचते. त्याहून लांबवली तर रात्रीची झोप उडते आणि दुसरी पहाट जड जाते. उठल्यावरचे दोन-तीन तास मोकळे ठेवावेत. त्यांत वाचन, पोहणे, चित्र काढणे, नुसते सावल्या सरकताना पाहणे, जे जमेल ते करावे, पण तिकीट काढून वेळेवर पोहोचावे लागेल असे काही ठेवू नये. एखादी दुपार गावातल्या संग्रहालयासाठी देता येईल, विशेषतः त्या प्रदेशाचे खडक आणि वनस्पती तिथे मांडलेल्या असतील तर. दुसऱ्या सकाळची वाट मग वेगळ्याच डोळ्यांनी दिसते.

गरम पाण्याचे झरे किंवा कुंडे अनेक वाळवंटी गावांजवळ असतात आणि थकलेल्या पायांना ती सुखावतात. मात्र चालून आल्याबरोबर, तहानलेल्या अंगाने त्यांत उतरू नये. गरम पाण्यात रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, रक्तदाब उतरतो, घामही जात राहतो, आणि आधीच पाणी कमी झालेल्या माणसाला बाहेर पडताना भोवळ येऊ शकते. कुंडाची वेळ संध्याकाळची ठेवावी, पाणी ४० अंशांहून गरम नसावे, दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर यावे, मद्य घेऊन उतरू नये, आणि गरोदर स्त्रियांनी किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज उतरू नये. मर्दनाची वेळही मोठ्या वाटेच्या दुसऱ्या दिवशी घ्यावी. कोरड्या हवेने ओठ फुटतात, नाकातून कधी थोडे रक्त येते, डोळे चुरचुरतात. झोपण्यापूर्वी ओठांना आणि नाकाच्या आतल्या कडांना थोडे व्हॅसलीन लावले आणि कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा वापरला तर यातला बहुतेक त्रास टळतो.

रात्र ही वाळवंटाची सर्वांत मोठी देणगी आहे आणि तिच्यासाठी वेगळे कष्ट लागत नाहीत. कॅलिफोर्नियातील बोरेगो स्प्रिंग्स या गावाने रस्त्यांवरचे दिवे जाणीवपूर्वक मर्यादित ठेवले आहेत आणि २००९ साली त्याला आंतरराष्ट्रीय काळोख्या आकाशाचे गाव म्हणून मान्यता मिळाली. पण बहुतेक वाळवंटी गावांत चार-पाच किलोमीटर बाहेर गेले तरी आकाशगंगा स्पष्ट दिसते. डोळ्यांना काळोखाची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि फोनचा एक कटाक्ष ती मोडतो, म्हणून विजेरीला लाल कागद लावावा, फोन खिशात ठेवावा, जमिनीवर चटई टाकून आडवे व्हावे आणि दिवसा अनावश्यक वाटलेले जाकीट न विसरता न्यावे.

चार दिवसांची मांडणी

पहिला दिवस पोहोचण्याचा. दुपार उतरल्यावर गावाजवळ तासाभराची सपाट वाट चालावी. तिच्यातून बूट, पिशवी आणि हवा यांचा अंदाज येतो आणि काही राहिले असेल तर ते त्याच संध्याकाळी मिळवता येते. मोठी वाट दुसऱ्या दिवशी ठेवावी. ती शेवटच्या दिवसासाठी राखण्याची अनेकांची पद्धत असते, पण मग वारा, वादळ किंवा वाट बंद असणे यांपैकी काही आले तर हातात पर्यायी सकाळ उरत नाही. दुसऱ्या दिवशी ठेवल्यास ती तिसऱ्यावर ढकलता येते. सूर्योदयापूर्वी अर्धा तास, विजेरीची गरज संपते त्या उजेडात पहिले पाऊल टाकावे आणि दहाला, फार तर साडेदहाला गाडीशी परत यावे. त्या संध्याकाळी काहीही करू नये. तिसऱ्या सकाळी दीड-दोन तासांची सोपी, शक्यतो सावलीच्या घळीतली वाट, दुपारी दीर्घ विश्रांती, उन्हे कलल्यावर वाळूच्या टेकडीवर किंवा एखाद्या उंचवट्यावर सूर्यास्त, मग कुंड आणि शेवटी तारे, एवढे पुष्कळ झाले.

चौथ्या दिवशी परतीचा प्रवास असतो, म्हणून पहाटे फार तर अर्धा-पाऊण तास गावाच्या कडेने फिरून यावे. लांब पल्ल्याची गाडी स्वतः चालवायची असेल तर आदल्या रात्रीची झोप ताऱ्यांसाठी कमी करू नये. तसे होणार असेल तर तारे दुसऱ्या रात्रीवर घ्यावेत. निघण्यापूर्वी बुटांतली आणि पिशवीच्या शिवणींतली वाळू झटकावी, बुटांच्या तळाला रुतलेले काटे आणि बिया त्याच प्रदेशात काढून टाकाव्यात, कारण त्या बरोबर गेल्या तर परक्या जमिनीत रुजतात, आणि गाडीतले राखीव पाणी मोठा रस्ता लागेपर्यंत ओतू नये.